डावी बाजू

टर्नटेबलच्या पिनेमागे केसाएवढ्या बारीक चार वायरी असतात. पांढरी, निळी, लाल आणि हिरवी. माझ्या सेटमधली लाल वायर कधीतरी निसटली आणि चार महिने मला त्याचा पत्ता लागला नाही. लाल गेली म्हणजे उजवा स्पीकर मुका. तुम्ही म्हणाल, बाई, दोनातला एक स्पीकर वाजत नाही हे कळलं नाही? नाही कळलं. ठाण्यातली आमची बाहेरची खोली दहा बाय बारा. एक स्पीकर खिडकीशी, दुसरा कपाटावर, प्रवासाच्या बॅगांना खेटून. आवाज कुठूनही निघाला तरी खोलीभर होतो. शिवाय घरात होत्या त्या बाबांच्या रेकॉर्डी, नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी, बहुतेक मोनो. मोनो रेकॉर्ड एका स्पीकरवर ऐका की दोन्हींवर, गाणं अख्खंच्या अख्खं मिळतं.

अशा घरात मी ऑर्नेट कोलमनची 'फ्री जॅझ' आणली.

त्याचं नाव मला कळलं ते २००७ साली, त्याला संगीताचं पुलित्झर मिळालं तेव्हा. बातमी चार ओळींची होती. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा, सत्त्याहत्तर वर्षांचा सॅक्सोफोनवाला. मग शोधत गेले तसं कळलं की तरुणपणी पितळी सॅक्सोफोन परवडेना म्हणून त्यानं पांढऱ्या प्लास्टिकचा घेतला होता, आणि १९५९च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या जॅझ क्लबात तो वाजवायला उभा राहिला तेव्हा ऐकणाऱ्यांत उभी फूट पडली. कुणी म्हणे नवा देव आला, कुणी म्हणे याला धड सुरात वाजवता येत नाही. हे भांडण मला ओळखीचं वाटलं. आमच्या घरात कुमार गंधर्वांवरून अशी भांडणं झालेली आहेत, जेवलेले हात वाळेपर्यंत.

रेकॉर्ड मिळाली चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर. पुढच्या पुठ्ठ्याला एक खिडकी कापलेली, तिच्यातून आतले रंगांचे शिंतोडे दिसतात. कव्हर उघडलं की जॅक्सन पोलॉकचं अख्खं चित्र. "ये कोई लेता नहीं, मॅडम," दुकानदार म्हणाला. किंमत मात्र एका रुपयानं कमी केली नाही.

२१ डिसेंबर १९६०ला ऑर्नेटनं न्यूयॉर्कच्या स्टुडिओत एकाच वेळी दोन चौकड्या उभ्या केल्या. डावीकडे तो स्वतः, ट्रम्पेटवर डॉन चेरी, डबल बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर बिली हिगिन्स. उजवीकडे बास क्लॅरिनेट घेऊन एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बासवर चार्ली हेडन, ड्रम्सवर एड ब्लॅकवेल. स्टिरिओ तेव्हा नवलाईचा होता, त्याचा त्यानं असा उपयोग केला: एक चौकडी एका स्पीकरला, दुसरी दुसऱ्या. मध्ये मध्ये सगळ्यांनी मिळून वाजवायचे थोडे ठरलेले तुकडे, बाकी जे सुचेल ते, सगळं मिळून सदतीस मिनिटं. कव्हरवर डावीकडचे कोण, उजवीकडचे कोण, सगळं छापलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. आणि मला आठही जण ऐकू येतायत असं धरून चालले होते.

तर मी काय ऐकत होते ते सांगते. सुरुवातीला एक कल्लोळ, मग ऑर्नेट आणि चेरी मिळून एक लांब, दुखऱ्या सुरांची ओळ वाजवतात. त्यानंतर पहिल्या दोन सोलो, म्हणजे एकानं पुढे येऊन वाजवायच्या जागा, डॉल्फीच्या आणि हबर्डच्या. दोघंही उजवीकडचे. म्हणजे माझ्या खोलीत ते नव्हतेच. होते फक्त लाफारोचा बास आणि हिगिन्सचे ड्रम्स, जवळजवळ दहा मिनिटं, गाडी सुटून गेल्यावर फलाटावर उरलेल्या दोन माणसांसारखे. अधूनमधून ऑर्नेट किंवा चेरी तीन-चार स्वर वाजवून गप्प होत. फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकावी तसं. कुठंतरी फार मागे, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात कुणी कण्हतंय असा आवाज यायचा. तो डाव्या बाजूच्या माइकमध्ये झिरपलेला डॉल्फी होता हे मला कुठून कळणार?

मला हे प्रचंड आवडलं. मला वाटलं, अच्छा, फ्री म्हणजे हे. पुढे येऊन वाजवायची सक्तीच कुणावर नाही. सोलोची जागा रिकामी ठेवायची आणि साथीदारांनी आपसात बोलत बसायचं. लाफारोचा हात मला तेव्हापासून पाठ आहे. तो बासच्या वरच्या पट्टीत इतक्या भरभर फिरतो की कधी गिटारचा भास होतो, आणि एकाएकी खाली उतरून एकच स्वर धरून बसतो. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पुढच्या जुलैत मोटार अपघातात गेला. हिगिन्सची झांज सारखी हसत असल्यासारखी वाजते, तीही पाठ झाली. मग ऑर्नेटची सोलो सुरू होते, आणि पुढे वादन ऐन रंगात असताना पहिली बाजू संपते. उठायचं, रेकॉर्ड उलटायची, पुन्हा पिन ठेवायची. चोवीस-पंचवीस सेकंद तरी जातात. त्या सेकंदांचीही मला सवय झाली होती.

त्या दिवसांत एकदा काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गिरगावात वाढलेले, जन्मभर तबल्याची साथ केलेले. नावाजलेल्या मैफिलींत नाही, घरगुती बैठकांत आणि गायनाच्या क्लासांत. त्यांना मी कौतुकानं ही रेकॉर्ड लावून दिली. ते डोळे मिटून, मांडीवर बोटं ठेवून बसले. बोटं एक-दोनदा हलली आणि थांबली. सात-आठ मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

"अगं, साथवाले आलेत. गाणारा कुठाय?"

मी हसले. मग त्यांना एक व्याख्यानच दिलं. काका, हेच तर स्वातंत्र्य, इथे मुख्य आणि साथ असा भेदच मोडलाय, अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी साठच्या सुमाराला हे वाजवावं याला अर्थ आहे, वगैरे. यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं मी माझ्या मेलेल्या स्पीकरच्या जोरावर बोलत होते. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "असेल बाई. पण हा बासवाला कुणालातरी जागा करून देतोय. माझ्या हाताला कळतं ना ते. समोर कुणी असल्याशिवाय माणूस असं वाजवत नाही."

पंधरा दिवसांनी सेटमध्ये गुणगुण यायला लागली म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पिनेचं डोकं सोडवलं, भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा राइट चॅनल डेडच आहे की." चिमट्यानं लाल वायर उचलली, टोपण दाबून बसवलं. पाच मिनिटांचं काम. मी रेकॉर्ड लावली. थोडा वेळ झाला असेल नसेल, कपाटावरून, बॅगांच्या शेजारून, म्हशीनं हंबरावं आणि हंबरता हंबरता हसावं तसा एरिक डॉल्फी निघाला.

मला आनंद झाला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं म्हणजे मला राग आला. इतके दिवस मी आणि लाफारो खोलीत निवांत बसलो होतो आणि आता चार पाहुणे बॅगाबोचक्यांसह आत घुसले होते. हबर्डचं तर हसूच आलं. बाकीचे रान तुडवत निघालेले आणि हा इस्त्रीचे कपडे घालून आलेला, नेटक्या वाक्यांत बोलणारा. (आता तो मला फार आवडतो. मोकळं रान दिसलं तरी चालायची आपली ढब न सोडणारा माणूस.) आठवडाभर मी ती रेकॉर्ड लावली नाही. काकांना मात्र फोन केला. ते तिकडून एवढंच म्हणाले, "सापडला का गाणारा?"

त्यानंतर मी अशा रेकॉर्डी जमवायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की जमवणाऱ्यांच्या या सगळ्या व्यवहारातच एक वेडेपणा आहे. जे एकदाच, त्या दिवशी, त्या खोलीत सुचलं म्हणून वाजवलं, ते आपण विकत आणतो आणि शंभर वेळा ऐकतो. वाजवणाऱ्याला पुढचा स्वर ठाऊक नव्हता. मला तो पाठ असतो. ऑर्नेट कुठे अडखळतो, चेरीचा सूर कुठे फाटतो, सगळं मला बंदिशीसारखं येतं, आणि दुसऱ्या कुणी तोच तुकडा वेगळा वाजवला तर मी कपाळाला आठी घालते. डॉल्फीनं १९६४च्या जूनमध्ये हॉलंडमध्ये वाजवलेली एक रेकॉर्ड आहे, तिच्या शेवटी त्याचं बोलणं टिपून ठेवलंय: संगीत ऐकलं, संपलं, की ते हवेत जातं, पुन्हा कधी पकडता येत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस बर्लिनमध्ये तो वारला, छत्तिसाव्या वर्षी. त्याचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यात काय, आपलं शास्त्रीयही उत्स्फूर्तच असतं." जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याच्या 'इंडिया'चा दाखला मिळतो. त्यानं मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं होतं, तेही सांगितलं जातं. दोन्ही खरं आहे. पण मला ही तुलना पटत नाही. ख्याल गाणाऱ्याला बाकी काही ठाऊक नसलं तरी राग ठाऊक असतो, ताल ठाऊक असतो, आणि ऐकणाऱ्यालाही. तबलजी समेवर येणार याची खात्री आहे म्हणून तर गवई इतका लांब जाऊन परत येतो. समेवर मान डोलते ती त्या कराराची पावती असते. इथे करारच वाटेत लिहिला जातो, कधी लिहिलाही जात नाही. सुरुवातीला माझा कान सम शोधून शोधून थकायचा. आता काय होतं, की पाठ झालेल्या रेकॉर्डींत मीच माझ्या समा ठरवून टाकल्यात. हिगिन्सचा एक ठोका, हेडनचा एक खर्ज, तिथे माझी मान आपोआप जाते. वाजवणाऱ्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

कोल्ट्रेनच्या 'असेन्शन'च्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. नवरा विचारतो, एकच रेकॉर्ड दोनदा कशाला? दिसायला एकच आहे. कव्हर तेच, नंबर तोच. २८ जून १९६५ला कोल्ट्रेननं अकरा जण जमवून चाळीस मिनिटांच्या आसपासचे दोन टेक केले, म्हणजे तीच रचना दोनदा वाजवली. त्यातला एक छापून बाजारात गेला, आणि मग कोल्ट्रेनचं म्हणणं पडलं की हवा होता तो दुसराच. कंपनीनं त्याच कव्हरात दुसरा टेक घालायला सुरुवात केली. ओळखायचं कसं, तर रेकॉर्डवर जिथे खाचा संपतात आणि मधल्या लेबलापर्यंत गुळगुळीत काळा पट्टा उरतो, तिथे हातानं कोरलेलं असतं: एडिशन टू. दुकानात उजेड कमी असतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरायचा, रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेनं पेलायची, आणि प्रकाश त्या पट्ट्यावरून हळूहळू फिरवायचा. कोरलेल्या अक्षरांत उजेड अडकला की दिसतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझे हात थरथरले. दुकानदाराला संशय आला आणि त्यानं भाव वाढवला.

म्हणजे १९६६ साली ती रेकॉर्ड घेतलेल्या दोन मित्रांनी 'असेन्शन'वर वाद घातला असेल तर ते दोन वेगळ्या वादनांबद्दल बोलत असण्याची शक्यता आहे. नाकारलेल्या टेकमध्ये शेवटाकडे एल्विन जोन्सची ड्रम्सवर सोलो आहे. दुसऱ्यात ती नाही. कोल्ट्रेननं निवडला तो टेक अधिक बांधलेला आहे हे मलाही कळतं. पण मी आधी ऐकला तो नाकारलेला, एल्विनवाला, त्यामुळे निवडलेल्या टेकमध्ये ती जागा आली की जिन्याची एक पायरी नसल्यासारखा माझा पाय पडतो. आणि कबूल करते, कुठलाही टेक असो, पंचविसाव्या मिनिटाला मी दमते. जर्मन सॅक्सोफोनवाला पीटर ब्रॉट्समन, त्याची १९६८ची 'मशीन गन' मी आजवर चार वेळाच पूर्ण ऐकली. तिच्या पहिल्या प्रती म्हणे तीनशेच निघाल्या होत्या. माझी अर्थात पुढे छापलेली आहे. आठ माणसं पहिल्या सेकंदापासून अंगावर येतात. ती लावायची म्हणजे आधी शेजारच्या आजींना सांगून यावं लागतं.

उलट अल्बर्ट आयलर या सॅक्सोफोनवाल्याची 'स्पिरिच्युअल युनिटी' कधीही लावते. १९६४ची, तिघांचीच, अर्ध्या तासाच्या आत संपणारी. आयलरच्या चाली ऐकल्यावर आमच्या गल्लीतला वरातीचा बँड आठवतो: सगळ्यांना म्हणता येईल अशी सोपी, ठसठशीत चाल, आणि मग क्लॅरिनेटवाला घोड्याबरोबर नाचत नाचत भरकटतो तसं काहीतरी.

काकांच्या कामाची रेकॉर्ड मिळाली ती जर्मनीतून. मावसभाऊ तिकडे असतो, त्याला यादी देऊन ठेवली होती. 'जॅझ मीट्स इंडिया', १९६७, फिलिंगन गावात ध्वनिमुद्रित. एका बाजूला स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्झरचं त्रिकूट, जोडीला मानफ्रेड शूफचा ट्रम्पेट आणि बार्नी विलनचा सॅक्सोफोन. दुसऱ्या बाजूला दिवाण मोतिहारांची सतार, कुसुम ठाकूरांचा तंबोरा आणि तबल्यावर केशव साठे. साठे मुंबईचे. लंडनला जाऊन राहिले, आणि जो हॅरियट व जॉन मेयर यांच्या 'इंडो-जॅझ स्वीट'मध्येही तबला त्यांचाच. हॅरियट जमैकाचा सॅक्सोफोनवाला, आणि १९६०च्या सुमाराला, तिकडे ऑर्नेटचं सगळं चाललेलं असताना, लंडनमध्ये त्यानं आपल्या वाटेनं असंच मोकळं वाजवायला घेतलं होतं. 'जॅझ मीट्स इंडिया'च्या मागच्या बाजूला 'ब्रिगाख अँड गँजेस' नावाचा तुकडा आहे. ब्रिगाख ही फिलिंगनमधून वाहणारी लहानशी नदी, पुढे दुसऱ्या एकीला मिळून तिची डॅन्यूब होते. गंगेशेजारी तिचं नाव लिहिणाऱ्याच्या धाडसाला दाद दिली पाहिजे.

काका आता चौऱ्याऐंशीचे आहेत. दोन जिने चढून आले, पाणी प्यायले आणि कव्हर हातात घेऊन नाव दोनदा वाचलं. "साठे? आपले?" मी म्हटलं, आपले. या वेळी दोन्ही स्पीकर चालू आहेत याची मी आधी खात्री करून घेतली होती. ऐकताना काकांचा उजवा अंगठा पेरांवरून फिरत होता, मात्रा मोजत. पियानो आणि ड्रम्स आत आले की अंगठा गडबडायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्या पेरावर यायचा. एकदा त्यांनी जोरात "अरे!" म्हटलं, आणि मला वाटलं वैतागले. पण चेहरा खुललेला होता.

"हा माणूस त्यांच्यासाठी थांबत नाहीये," ते म्हणाले, "आणि त्यांना सोडून पुढेही जात नाहीये. हे अवघड असतं गं. मला नसतं जमलं."

त्यांना वाईट वाटलं की काय म्हणून मी म्हटलं, तुम्हाला कधी तशी वेळच आली नाही.

"आली होती. एका बैठकीत गाणारी बाई बेतालात गेली. मी थांबलो. थांबायला नको होतं."

ते कधीचं, कुठलं, हे मी विचारलं नाही. त्यांनी मागची बाजू पुन्हा लावायला सांगितली.

ते गेल्यावर मी 'फ्री जॅझ' काढली. आता सगळं फोनवर मिळतं, वादन मध्ये न तुटता सलग ऐकता येतं, उठावं लागत नाही. कधी कधी तशीही ऐकते. लाफारो आणि हेडन एकमेकांशी काय बोलतात ते दोन्ही स्पीकर असले तरच कळतं: एक वरच्या मजल्यावर धावाधाव करतो, दुसरा खाली जोत्यासारखा बसलेला. काका म्हणाले होते ती जागा लाफारो कुणासाठी करून देत होता तेही आता ऐकू येतं. डॉल्फी त्या जागेत शिरतो आणि पाय पसरतो.

पण त्या रात्री घरात सगळे झोपल्यावर मी सेटच्या मागे हात घातला आणि अॅम्प्लिफायरमधली लाल पिन उपसून काढली. थोडी गुणगुण झाली, व्हॉल्यूम कमी केला. कल्लोळ झाला, ती लांब ओळ झाली, आणि मग कपाटावरचा स्पीकर गप्प राहिला. खिडकीशी लाफारो आणि हिगिन्स दोघंच वाजवत राहिले. दोनेक मिनिटांनी मला कळलं की माझे कान बॅगांकडे लागलेले आहेत.